उमेदवारी

सांगोल्याच्या एसटी स्टँडवर सकाळी दहाच्या सुमाराला डिझेलचा वास असतो, वड्याच्या तेलाचा असतो आणि डाळिंबाच्या क्रेटमधल्या कागदाच्या कातरणांचा एक कोरडा, धुळकट वास असतो. अशाच एका सकाळी बाकावर एक मुलगी आणि तिची आजी बसली होती. मुलीनं मोबाईल उघडला, काहीतरी वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला, की आजीनं आधी "कोण गेलं गं?" असंच विचारलं. कुणी गेलं नव्हतं. तिची निवड झाली होती. कशात, ते तिनं सांगितलं, पण नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि मध्येच स्टँडवरचा भोंगा बोलायला लागला. त्यातून 'लीडरशिप' आणि 'मेंटॉरशिप' हे दोनच शब्द बाकाच्या या टोकापर्यंत पोचले. आजीला दोन्ही नको होते. तिनं नेमकं विचारलं, "म्हंजी नोकरी लागली का?" मुलगी म्हणाली, "नाही. म्हणजे... हो. वर्षाची आहे. पैसे देणार आहेत." "मग नोकरीच की." "नोकरी नाही गं आजी, शिकवणार आहेत." "पैसं देऊन शिकिवत्यात?" आजीचा विश्वास बसेना. पलीकडे पेपरची घडी गुडघ्यावर ठेवून बसलेल्या एका टोपीवाल्या आजोबांनी, कुणी विचारलं नसताना, निकाल देऊन टाकला, "उमेदवारी म्हणायचं त्याला, आक्का."

आक्कांना ते पटलं. मुलीला पटलं नाही. तिच्या कपाळावर बारीक आठी आली. उमेदवारी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली असणार, नाहीतर नाक्यावरच्या गॅरेजमध्ये काळ्या हातांनी पाने देत उभा असलेला पोरगा. मेलमध्ये तर 'परिवर्तनाचे दूत' या चालीवरचं काहीतरी लिहिलेलं असणार. तसंच लिहिलेलं असतं. 'उमेदवारी' हा शब्द मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यात रुतून बसला आहे. आजोबांनी एका शब्दात त्या सगळ्या कार्यक्रमाची किंमत कमी केली, की अनवधानानं त्याचं माप काढायची पट्टी हातात दिली, हे अजून नीट ठरत नाही.

आधी त्या मेलबद्दल. 'अभिनंदन' हा शब्द पहिल्या ओळीत असतो आणि कामाचं सगळं जोडलेल्या पीडीएफच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर. तिथपर्यंत पहिल्या दिवशी कुणी जात नाही, कारण पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्यात पहिला दिवस जातो. खरं तर बहुतेक वेळा ती निवड 'तात्पुरती' असते, कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन. आणि पडताळणी अडते ती मोठ्या गोष्टींवर नाही, नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांच्या नावात 'राव' आहे, दुसरीकडे गळालाय. इंग्रजीत एकीकडे एक 'ए', दुसरीकडे दोन. पोलिसांकडच्या चारित्र्य पडताळणीत भाड्याच्या खोलीचा पत्ता आणि आधारवरचा गावचा पत्ता जुळला नाही, की कागद एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरतो आणि त्यात आठवडे जातात. बँक खात्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं दोन वर्षांत व्यवहार न झाल्यानं निष्क्रिय पडलेलं असतं, किंवा ते अपुऱ्या केवायसीवरचं 'छोटं खातं' असतं, ज्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. मग दोन हप्ते सुरळीत येतात, पुढचा कुठंतरी अडकतो, आणि कार्यालयातला लेखापाल म्हणतो की आमच्याकडून तर गेलाय. हातातली नोकरी सोडायची असेल तर नियुक्तीचं पत्र आल्यावर सोडावी, निवडीच्या मेलवर नाही. जायचं नसेल तर त्याच आठवड्यात कळवावं. प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी रोज सकाळी उठून आधी मेल उघडत असतं. आणि निघताना दोन महिने पुरतील एवढे पैसे बरोबर असावेत, कारण पहिलं मानधन पहिल्या महिन्यात येईलच असं नाही आणि खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी मागतात.

मानधन हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तरुणांना वर्षभर सरकारी कामात घेणारी महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ पासूनची, मधल्या काळात बंद पडलेली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेली. २१ ते २६ वयाची, किमान ६० टक्के गुणांनी पदवी घेतलेली आणि एक वर्ष काम केलेली ६० मुलं-मुली त्यात घेतात. २०२५-२६ साठी महिन्याला ५६,१०० रुपये आणि प्रवासखर्चाचे ५,४००, मिळून ६१,५०० ठरले. हा आकडा गावात सांगितला की 'क्लास वन झाली' अशी बातमी होते. शासकीय सेवेत सामावून घेण्याचा कोणताही हक्क यातून मिळत नाही, हे वाक्य त्याच कागदात असतं, पण बातमी ते बरोबर घेऊन जात नाही. बारा महिन्यांनी घरी परतलेल्या मुलाला "काढलं का रे?" असं विचारणारे लोक वाईट नसतात. त्यांना तिसरं पान कुणी वाचून दाखवलेलं नसतं, एवढंच.

निवड होते ती फॉर्मवर, आणि फॉर्म ही एक विलक्षण लबाड वस्तू आहे. 'तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा' असा प्रश्न असतो. शंभरातल्या बहुतेक उत्तरांत कॉलेजचं गॅदरिंग असतं, मंडळाचा गणपती असतो, लॉकडाऊनमधलं किराणा वाटप असतं, आणि ती सगळी 'आम्ही सर्वांनी मिळून अडचणींवर मात केली' या वाक्यापाशी येऊन संपतात. वाचणाऱ्याची बोटं तिथून पुढे सरकतात. थांबतात ती जिथं आकडा, तारीख किंवा फसगत आहे तिथं. मंडळाचा अध्यक्ष होतो, यापेक्षा वर्गणीची वही माझ्याकडे होती, हिशेबात २,३०० रुपये जुळेनात, आणि विसर्जन झाल्यावर तीन रात्री बसून पावत्या जुळवल्या, हे उत्तर टिकतं. मुलाखतीतही तेच. 'समाजासाठी काहीतरी' म्हणणाऱ्याला समोरून शांतपणे विचारतात, "कुठल्या गावातल्या कुणासाठी?" अडाणीपणा चालतो, मोघमपणा चालत नाही. पण यातूनच पुढचा एक पेच तयार होतो. ज्यांना गोष्ट रंगवता येते ते आत येतात, आणि आत आल्यावर त्यांना ती रंगवलेली गोष्ट आठवते. किराणा वाटपात आपण एकच दिवस गेलो होतो हे आठवतं. निवडीच्या मेलनंतर दोन-तीन दिवसांनी, अभिनंदनाचे फोन ओसरल्यावर, रात्री उशिरा जी भीती पोटात उतरते ती हीच असते: यांनी निवडलेलं माणूस मी आहे का? गंमत अशी की शिबिराच्या पहिल्या रात्री खोलीतल्या चौघाचौघींना हीच भीती असते आणि चौघंही उशाशी मोबाईलचा उजेड धरून झोपल्याचं नाटक करतात.

आता तो शब्द. निवडणुकीनं उमेदवारी पळवली त्याआधी तिचा अर्थ वेगळा होता. उमेद धरून राहणारा तो उमेदवार. कचेरीत, पेढीवर, वकिलाच्या माडीवर, शिंप्याच्या दुकानात पोरगं पगाराशिवाय किंवा चहापाण्यावर राबायचं, पुढेमागे जागा मिळेल या आशेवर. त्यात फुकट राबवून घेणं भरपूर होतं; त्याला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. मुलींना तर ती दारंच बंद होती, आणि कुठलं पोरगं कुणाच्या माडीवर चढू शकतं हे जातीवरून ठरायचं. तरीही शिंप्याच्या दुकानातला क्रम बघा. सुरुवातीचे कित्येक महिने काजं आणि बटणं. मग उसवणं, कारण उसवताना शिवण कशी बसवलीय ते कळतं. मग पायजम्याची सरळ शिलाई. मग कॉलर. कात्री हातात येते ती सगळ्यात शेवटी. हा क्रम कौशल्याच्या अवघडपणावर बेतलेला वाटतो, पण तो बेतलेला आहे चुकीच्या किमतीवर. बटण चुकलं तर दोरा जातो. शिलाई चुकली तर वेळ जातो. काप चुकला तर गिऱ्हाईकाचं कापड जातं आणि गिऱ्हाईकही. स्वस्त चुका आधी, महाग चुका नंतर. वस्ताद तालमीतही हेच करतो. आल्या आल्या पोराला दंगलीत उतरवत नाही, माती उकरायला लावतो.

आजच्या नेतृत्वाच्या कार्यक्रमांत हा क्रम बऱ्याचदा उलटा असतो.

पोरगी जिल्ह्याच्या ठिकाणी रुजू होते. पहिला प्रश्न खुर्चीचा, कारण कार्यालयात प्रत्येक खुर्ची कुणाची तरी असते आणि फेलो हे पद आस्थापनेच्या तक्त्यात नसतं. दोन-तीन दिवस ती अभ्यागतांच्या बाकावर बसते, मग बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलाशेजारी कोपरा मिळतो. पाचव्या दिवशी साहेबांचा निरोप येतो: सोमवारी आढावा बैठक आहे, कुपोषणावर प्रेझेंटेशन तयार ठेवा. तिला स्लाइड छान करता येतात. ती डॅशबोर्डवरून आकडे घेते, तालुके लाल-पिवळे-हिरवे रंगवते, आणि लाल तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला भर बैठकीत उभं केलं जातं. पहिली कात्री चालली, कापड दुसऱ्याचं. त्यानंतर त्या तालुक्यातली, अंगणवाड्यांवर देखरेख करणारी एकही मुख्यसेविका तिला खरी माहिती देत नाही, आणि का देत नाही हे तिला वर्षभर कळत नाही. 'यंत्रणेचा प्रतिसाद थंड आहे' असं ती अहवालात लिहिते.

बैठकीआधी तिला कुणी आठ दिवस अंगणवाडीत बसवलं असतं, तर त्या लाल रंगात काय काय मिसळलेलं असतं ते दिसलं असतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, दोन वर्षांवरच्याची उंची उभं करून. उभं केल्यावर माप साधारण ०.७ सेंटिमीटरनं कमी भरतं. दीड वर्षाच्या मुलाला उभं करून मोजलं तर ते बुटकं दिसतं, आणि उंचीच्या मानानं त्याचं वजन बरं दिसतं. म्हणजे खरोखर वाळलेलं मूल यादीतून निसटतं. तीन वर्षांचं रडणारं मूल सोयीसाठी आडवं मोजलं तर उलटं होतं, धडधाकट मूल लाल होतं. काट्याचं शून्य जमिनीच्या उतारानं सरकलेलं असतं. थंडीत स्वेटरसकट वजन घेतलेलं असतं. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, पण पट्टी घट्ट ओढली तर दंडही आक्रसतो. हे सगळं शिकायला लागतो एक आठवडा आणि सतरंजीवर बसायची तयारी. सेविकेकडे एकात्मिक बालविकास योजनेची ११ रजिस्टरं होती, २०२१ पासून मोबाईलवर नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर आलं, आणि त्यावर ही नवी मुलगी एक्सेलचा स्वतःचा तक्ता घेऊन आली, तर सेविकेच्या तोंडावर जे भाव येतात ते वाचता येणं, हा नेतृत्वाचा पहिला धडा धरायला हरकत नाही. नवा तक्ता मागण्याआधी जुन्या रजिस्टरांतून तो भरून निघतो का ते बघावं. बहुतेकदा निघतो.

गडचिरोलीचं उदाहरण इथं आठवतं, आणि दोन अंगांनी. शोधग्राममध्ये, म्हणजे 'सर्च' या आरोग्यसंस्थेच्या आवारात, २००६ पासून 'निर्माण' चालतं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तरुणांसाठी सुरू केलेली ती शिबिरांची मालिका. तिथं निवड होणं हा महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींच्या आयुष्यातला असाच एक मेल असतो. त्याच्या रचनेत मला सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती शिबिर नाही, दोन शिबिरांमधलं अंतर. माणूस घरी जातो, उत्साह उतरतो, हॉस्टेलवरचे मित्र चिडवतात, काहीतरी करून बघतो, ते फसतं, आणि ती फसगत घेऊन तो पुन्हा येतो. सलग सहा आठवड्यांत भाषणं ऐकून असं काही होत नाही. दुसरं अंग जुनं आहे. नव्वदच्या दशकात 'सर्च'नं ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात बाळाचं वजन करणाऱ्या, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणाऱ्या, इंजेक्शन देणाऱ्या बायका गावातल्याच होत्या, बेताच्या शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणत. त्याच्याही आधी, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी तिथं श्वास मोजायचं एक साधं उपकरण केलं होतं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि श्वासांबरोबर सरकवायचे मणी. मणी ठरावीक जागेपुढे गेले की न्यूमोनिया. या बायकांना कुणी 'लीडर' म्हटलं नव्हतं. पण त्यांच्याकडे डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात जाऊन नोंदी बघत, तेच बाळ पुन्हा तपासत, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दाखवत. मेंटॉरशिप हा शब्द तिथं कुणी वापरला असेल-नसेल. ती नेमकी काय असते ते मात्र त्या मण्यांत दिसतं. शिकणाऱ्याला जेवढं मोजता येतं तेवढ्यातच काम बसवायचं, आणि तपासायला पुन्हा यायचं.

पुन्हा येणं. सगळं त्यावर असतं.

मार्गदर्शक नेमून देणं सोपं आहे. यादीत दोन रकाने असतात, डावीकडे नवखे, उजवीकडे अनुभवी, मध्ये एक रेघ. पहिली भेट छान होते. अनुभवी माणूस पाऊण तास स्वतःचा प्रवास सांगतो, आणि नवखा वहीत लिहून घेतो, जरी १९९८ साली पुण्यात खोली कशी मिळाली याचा त्याच्या कामाशी संबंध नसतो. दुसरी भेट पुढे ढकलली जाते. तिसरी ढकलली गेली की नातं संपलं, कारण आता फोन कुणी करायचा याची दोघांनाही लाज वाटते, आणि आपल्याकडे तर मोठ्या माणसाला 'सर, वेळ आहे का' विचारणं म्हणजे त्रास देणं, असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. दहा महिन्यांनी नवख्याचा मेल जातो तो शिफारसपत्रासाठी. यात कुणी दुष्ट नाही. रचना ढिली आहे. ज्यांचं जमतं त्यांच्याकडे चार-पाच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी पाळलेल्या दिसतात. भेट पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वाराला, ४० मिनिटांची; तासाची ठेवली की ती ढकलली जाते. दोन दिवस आधी नवख्याकडून एक पानाची टिपणी: काय केलं, कुठं अडलंय, कुठला निर्णय घ्यायचाय. 'काय वाचू' असे सैल प्रश्न नाहीत. 'ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, त्याआधी सरपंचांना भेटू की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना' असा प्रश्न असला, की अनुभवी माणसाचा अनुभव खरोखर उपयोगी पडतो, कारण याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसतं. भेटीत पहिली दहा मिनिटं मार्गदर्शकानं बोलायचं नाही; हा नियम पाळणं सर्वांत अवघड, विशेषतः जे चांगलं बोलतात त्यांना. उठण्याआधी पुढची तारीख. त्याच संध्याकाळी पाच ओळींचा मेल, ठरलं काय आणि करणार कोण. आणि सहा महिन्यांत एकदा तरी मार्गदर्शकानं स्वतःचा एक फसलेला निर्णय आकड्यांसकट सांगायचा. तो सांगितला, की समोरच्याच्या वहीतली लपवलेली पानं आपोआप उघडतात.

सरकारी फेलोशिपमध्ये यातली एक गाठ मुळातच अवघड बसलेली आहे. जिल्ह्यात मुलांना जो मार्गदर्शक मिळतो तो बहुधा जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे ज्याच्या सहीनं कामाचा अहवाल वर जातो तोच माणूस. त्याच्यापुढे 'माझं चुकलं' म्हणायला फार मोठी छाती लागते. शिवाय त्याची बदली होते. नवा साहेब येतो, त्याचा आवडता विषय जलसंधारण असतो, आणि शाळांवर सहा महिने झालेलं काम एका दुपारी 'नंतर बघू' होतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक शैक्षणिक बाजू सांभाळतात, तो एक बाहेरचा कान आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण रोजचा कान जवळ लागतो. पुष्कळदा तो अनपेक्षित जागी सापडतो: निवृत्तीला दोन वर्षं उरलेला एखादा अव्वल कारकून, जो टिपणी वाचून म्हणतो, "ताई, मजकूर बरोबर आहे, पण शेवटी मान्यतेस्तव सादर लिहिलंत आणि मान्यता कशाची ते लिहिलंच नाही. ही नस्ती, फाईल हो, परत येणार." त्या माणसाचं नाव कार्यक्रमाच्या कुठल्याच पुस्तिकेत नसतं.

मुलींच्या वाट्याला आणखी एक वेगळी परीक्षा येते, ती फॉर्ममध्ये नसते. तालुक्याच्या गावात एकट्या मुलीला खोली मिळणं. "फॅमिलीलाच देतो" हे वाक्य किती स्वरांत म्हणता येतं ते तेव्हा कळतं. खोली मिळाली तर मालकीणबाई साडेसातला फाटक लावतात, आणि ग्रामसभा रात्री नऊला रंगात येते. शेवटची एसटी गेली की परत कसं यायचं, हा प्रश्न कार्यक्रमाच्या पहिल्या दिवशी विचारला जावा, तो बहुधा पहिल्या प्रसंगानंतर विचारला जातो. घरच्यांच्या होकारातही अटी असतात. वर्षभर जाऊ दे, तोवर इकडे स्थळं बघतो. स्वतःच्या पैशानं घेतलेली पहिली गादी, पहिला गॅस, पहिल्या महिन्याचा एकटेपणा आणि त्या एकटेपणात लपलेलं एक चोरटं सुख, हे सगळं अहवालात येत नाही.

अकरावा महिना कसा जातो ते तर विचारूच नये. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं परत बाहेर निघतात, बायोडाटात 'अमुक हजार लाभार्थ्यांपर्यंत पोचलो' असं एक वाक्य बसवलं जातं, निरोपाचे फोटो होतात. मागे राहतं ते कार्यालयातलं एक गुगल शीट, ज्याचा पासवर्ड त्या मुलीच्या खासगी मेलला जोडलेला असतो, आणि ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तो मागायला फोन करतं. हस्तांतराची टिपणी दहाव्या महिन्यात लिहायला घ्यावी, कागदावर, आवक क्रमांकासकट, आणि ज्या कारकुनाकडे ते काम राहणार आहे त्याच्याशेजारी बसून. शिंप्याकडचा पोरगा दुकान सोडताना अर्धं शिवलेलं कापड कुठल्या गिऱ्हाईकाचं ते चिठ्ठीवर लिहून, टाचणीनं लावून जायचा.

सांगोल्याच्या स्टँडवर यातलं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. आजोबांची पंढरपूरची गाडी लागली, ते उठले, जाता जाता मुलीकडे बघून "कर कर, चांगलं असतं ते" म्हणाले, आणि पेपर तिथंच बाकावर विसरून गेले. आजी बराच वेळ गप्प होती. पदराच्या टोकाशी चाळा चालला होता. मग तिनं विचारलं, "आणि जेवायचं काय तिथं?" मुलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं मोबाईल पुन्हा वर घेतला, पीडीएफ उघडलं, आणि पहिल्या पानावरचं अभिनंदन अंगठ्यानं वर ढकलत दुसऱ्या पानावर गेली. मग तिसऱ्या. तिथं ती थांबून वाचायला लागली.